एसकेएस की लोकल एस? मँटल कुठे वाहतंय हे कोण नीट सांगतं

दुसऱ्या भूपट्टाखाली बुडणाऱ्या प्लेटजवळ मँटल (पृथ्वीच्या कवचाखालचा खडकाचा थर) कुठे सरकतंय ते बघायला खाली तर जाता येत नाही, पण प्रवाहात ऑलिव्हिन या मँटलमधल्या मुख्य खनिजाचे स्फटिक एका दिशेला लागतात आणि त्यातून जाणाऱ्या एस लाटेचे (भूकंपाची आडवी हलणारी लाट) दोन भाग होतात, एक आधी पोचतो एक नंतर, तेच मोजायचं.

एसकेएस लांबच्या भूकंपाची लाट. बाह्य गाभ्यातून पी (दाबाची लाट) होऊन येते म्हणून भूकंपाकडची सगळी भानगड पुसली जाते, मस्तच. फरकही साधारण 1 सेकंदाचा, सहज दिसतो. पण येते जवळजवळ सरळ उभी, मग प्रवाह प्लेटच्या वर की खाली, काढा हुडकून!

लोकल एस म्हणजे बुडत्या प्लेटमध्येच, समजा 100 किमी खोल झालेल्या भूकंपाची. प्लेटखालचा भाग यात येतच नाही, फक्त प्लेटच्या वरची मँटलची पाचर आणि कवच. ईशान्य जपानात यानेच दिसलं की ज्वालामुखींच्या मागे वेगवान दिशा (लाटेचा आधी पोचणारा भाग ज्या दिशेत हलतो ती, सहसा प्रवाहाचीच) ट्रेंचला, म्हणजे प्लेट बुडते तिथल्या समुद्रातल्या खंदकाला, काटकोनात, आणि पुढे समुद्राकडे चक्क समांतर. आता ते समांतर म्हणजे प्रवाहच वळला असं लगेच म्हणू नका हां, कारण 2001 मध्ये जंग (Jung) आणि कारातो या संशोधकांनी प्रयोगात दाखवलं की पाणी आणि ताण जास्त असेल तर ऑलिव्हिनची वेगवान दिशाच 90 अंशांनी फिरते. हा घोळ दोन्हीकडे आहे.

माझं मत लोकल एसला, पण अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या कॅस्केडियासारख्या ठिकाणी खोल भूकंपच फार कमी, तिथे गुपचूप एसकेएस घ्यायची.