ओतणं सोडून बाकी सगळं सोपं: द्रव तपासणाऱ्या दोन यंत्रांचा आठ महिन्यांचा अनुभव

आमच्याकडे तपासायला येतं ते सगळं द्रवच. निकेल मुलाम्याचे बाथ (मुलामा चढवायची द्रावणं), धुण्याचं पाणी, सांडपाणी, अधूनमधून वापरलेलं तेल. द्रवातून प्रकाश पाठवून तो किती शोषला जातो ते मोजणारा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर आधीपासून होता; आठ महिन्यांपूर्वी त्याच्या शेजारी टेबलावर मावणारा ईडी-एक्सआरएफ येऊन बसला; तो नमुन्यावर एक्स-रे मारून कुठलं मूलद्रव्य किती आहे ते सांगतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं कुठल्याही कंपनीच्या यंत्राला लागू आहे. डेमोच्या वेळी सांगितलं होतं, "ओता, झाकण लावा, बटण दाबा." ओतणं सोडलं तर बाकीचं खरंच तितकं सोपं आहे.

एक्सआरएफमध्ये नमुना एका छोट्या कपात ओततात. कपाचा तळ म्हणजे रिंगेत ताणून बसवलेली चार ते सहा मायक्रॉनची प्लास्टिक फिल्म. एक्स-रे खालून येतात, फिल्ममधून द्रवात शिरतात आणि नमुन्यातल्या मूलद्रव्यांचे किरण त्याच वाटेने डिटेक्टरकडे परततात. फिल्म तबल्याच्या पुडीसारखी ताणलेली हवी. सुरकुती राहिली किंवा खाली बुडबुडा चिकटला की आकडा गेलाच. पाण्यातल्या गंधकाचा तर तळाचा जेमतेम एक दशांश मिलिमीटर थर यंत्राला दिसतो, त्यामुळे तिथे बुडबुडा म्हणजे नमुनाच नाही. निकेलचे किरण जास्त खोलीवरून येतात, तिथे उलट पंचाईत: कप कमी भरला तर रीडिंग कमी. आता आम्ही कपावर मार्करने रेघ मारतो आणि तिथपर्यंतच भरतो.

दुसऱ्या महिन्यात मी स्वतः घोळ घातला. झायलीन मिसळलेला नमुना पॉलीप्रोपिलीनच्या फिल्मवर ओतला आणि फोन आला म्हणून तसाच ठेवला. परत येऊन मोजलं तर रीडिंग दर वेळी थोडं वाढलेलं. फिल्म मऊ पडून खाली झुकली होती, म्हणजे नमुना डिटेक्टरच्या जवळ सरकत होता. एक थेंब गळलाही. नशीब, खाली संरक्षक फिल्म होती, नाहीतर केसापेक्षा पातळ बेरिलियमची खिडकी गेली असती. आता असल्या नमुन्यांना मायलर, म्हणजे पॉलिएस्टरची फिल्म. तीव्र आम्ल आणि अल्कलीला मायलर चालत नाही, तिथे पुन्हा पॉलीप्रोपिलीन. ही एवढी माहिती यंत्रासोबतच्या पुस्तकात कुठेतरी आत दडवलेली आहे; ती पहिल्या पानावर असायला हवी होती.

सगळ्यात जास्त शिकवलं ते गढूळ सांडपाण्याच्या एका नमुन्याने. लोखंड मोजायचं होतं. एक्सआरएफमध्ये पाच मिनिटांनी पुन्हा मोजलं तर आकडा वाढला, दहा मिनिटांनी आणखी. तोच नमुना रसायन न घालता नुसता क्युव्हेटमध्ये (स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या पारदर्शक डबीत) ठेवला तर तिथला ॲब्सॉर्बन्स, म्हणजे प्रकाश किती अडला त्याचा आकडा, मिनिटागणिक उतरत होता. आधी वाटलं, दोन्ही यंत्रं बिघडली. मग डोक्यात प्रकाश पडला. गाळ खाली बसत होता. एक्सआरएफमध्ये तो थेट फिल्मवर, म्हणजे किरणांच्या तोंडाशी जमतो. क्युव्हेटमध्ये प्रकाश मधून आरपार जातो, तिथून तो निघून जातो. म्हणजे एकात खोटी वाढ, दुसऱ्यात खोटी घट. त्या दिवसापासून गाळून घेतलेलं पाणी वेगळं आणि आम्लात पचवलेलं वेगळं मोजतो.

लोखंडासाठी अजूनही मी फेनान्थ्रोलीनचीच पद्धत धरतो. आधी हायड्रॉक्सिलअमाइन घालून फेरिकचं फेरस करायचं, मग फेनान्थ्रोलीन घालून येणारा केशरी रंग 510 नॅनोमीटर तरंगलांबीला मोजायचा. वेळखाऊ आहे खरी, पण पातळ नमुन्यात भरवशाची.

क्रोमियमच्या बाबतीत तर एक्सआरएफ उपयोगाचा असूनही अपुरा. तो एकूण क्रोमियम सांगतो. त्रिसंयुजी किती आणि विषारी षट्संयुजी किती, हे त्याला कळत नाही. ते विचारायचं तर डायफेनिलकार्बाझाइड घालून जांभळा रंग आणायचा आणि 540 ला मोजायचा. अहवालात "क्रोमियम" एवढंच लिहून देणाऱ्यांचा मला आता राग येतो.

निकेल बाथसाठी मात्र एक्सआरएफ म्हणजे सुख. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर हिरवा बाथ किमान दहापट पातळ केल्याशिवाय 395 नॅनोमीटरला मोजता येत नाही. ॲब्सॉर्बन्स 2 म्हणजे शंभरातला एकच भाग प्रकाश पलीकडे पोचतो. त्यावरच्या आकड्यांत यंत्रातला भटका प्रकाशच जास्त बोलतो. एक्सआरएफमध्ये बाथ जसाच्या तसा ओतायचा. पण त्याच बाथमधलं तांबं? प्रत्येक मूलद्रव्याचे किरण आलेखात ठरलेल्या ऊर्जेला शिखर (पीक) काढतात; निकेलचा बीटा पीक 8.26 केईव्हीला (केईव्ही हे ऊर्जेचं एकक), तांब्याचा अल्फा 8.05 ला. निकेलच्या डोंगराआड तांब्याची टेकडी दडून बसते. दोन महिने आम्ही "तांबं नाही" असं खुशाल लिहीत होतो.

क्लोरीनचीही अशीच गंमत. डिस्टिल्ड पाण्यातसुद्धा क्लोरीन दिसायला लागला, तेव्हा लक्षात आलं की एक्स-रे ट्यूबमधल्या ऱ्होडियमची 2.70 ची रेघ क्लोरीनच्या 2.62 ला लागून आहे. फिल्टर लावल्यावर भूत गेलं. शिवाय गंधक-क्लोरीनसारख्या हलक्या मूलद्रव्यांना हीलियम लागतो; हवा त्यांचे किरण खाते आणि निर्वात करावा तर द्रव उकळतो. सिलिंडर संपायचा दिवस नेमका कामाच्या गर्दीचा असतो.

पिण्याच्या पाण्यातल्या शिशाच्या चौकशीला मी सरळ नकार देतो. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे, आणि कपात ओतून मोजणारा असा एक्सआरएफ तिथवर पोचत नाही. थेंब क्वार्ट्झवर वाळवून मोजणारा टीएक्सआरएफ पोचतो, कारण तिथे पाणीच उरत नाही. 1860 मध्ये बुन्सेन आणि किर्शहॉफ या जर्मन शास्त्रज्ञांना जर्मनीतल्या डुर्कहाइमच्या खनिज पाण्यात सीझियम सापडला, तोही ढीगभर पाणी आटवल्यावरच.

जुन्या स्पेक्ट्रोफोटोमीटरबद्दल तक्रार एकच, ती अतिनील प्रकाश देणाऱ्या ड्यूटेरियमच्या दिव्याची. तो म्हातारा झाला की अतिनील भागात बेसलाइन, म्हणजे नमुना नसतानाची रेघ, थरथरते. रोज सकाळी होल्मियमचा फिल्टर (त्याचे पीक ठरलेल्या तरंगलांबीलाच येतात) लावून 361 चा पीक जागेवर आहे ना, ते बघतो. दिवा बदलायचा ठरलाय. तोवर 250 नॅनोमीटरच्या खालची कामं थांबवून ठेवली आहेत.