रेल्वे क्वार्टरचे दिवे: एलईडी पट्टी की सुटे एलईडी?

मॉडेल रेल्वेत भुसावळसारख्या जंक्शनचा लेआउट, म्हणजे छोटी प्रतिकृती, करायचा तर नुसते रूळ टाकून भागत नाही. स्टेशन, लोको शेड, मालधक्का आणि क्वार्टरच्या रांगा ओघाने आल्याच. मग घराघरांत दिवे लावायची वेळ येते आणि प्रश्न पडतो: 12 व्होल्टची एलईडी पट्टी कापून छताला चिकटवावी, की वायर जोडलेले सुटे एलईडी एकेका खोलीत बसवावेत? मी दोन्ही वापरले आहेत. गव्हाच्या दाण्याएवढे जुने बल्ब इथे धरलेच नाहीत. ते तापतात, आणि खान्देशातल्या मे महिन्यात प्लास्टिकच्या बंद घराला आणखी शेकायची गरज नाही.

पट्टी सोयीची आहे यात वाद नाही. जळगाव-भुसावळात कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळते, प्रवाह आटोक्यात ठेवणारे रेझिस्टर तिच्यावरच असतात, दोन वायरी डकवल्या की काम झालं. मागचा गोंद मात्र उन्हाळ्यात सुटतो, म्हणून सिलिकॉनचे दोन थेंब लावलेले बरे. एवढ्यावरून मी तिला नाकारलं नसतं.

अडचण वेगळीच आहे. माझा लेआउट एचओ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या 1:87. दहा बाय दहा फुटांची खोली या मापात जेमतेम साडेतीन सेंटिमीटर होते. मीटरला 60 दिवे असलेली नेहमीची पट्टी तीन-तीन दिव्यांवरच कापता येते, म्हणजे लहानात लहान तुकडा 5 सेंटिमीटरचा. खोलीपेक्षा तुकडा मोठा! मधल्या भिंतीला खाच पाडून तो बसवला तरी दीड खोली उजळते. रेझिस्टर वाढवून उजेड कमी करता येतो, पण तिन्ही दिवे एकदमच मंद होतात. क्वार्टरची अख्खी रांग एकसारखी पेटते.

रात्री नऊ-साडेनऊला रेल्वे कॉलनीतून चक्कर मारा. एका घरात पांढरी ट्यूबलाइट, शेजारच्या स्वयंपाकघरात पिवळा बल्ब, तिसऱ्या घरात अंधार, कारण ड्रायव्हर ड्यूटीवर आणि घरचे गावी. कॉलनी ओळखू येते ती या कमी-जास्त उजेडामुळे. मला लेआउटवर तेच हवं होतं, आणि पट्टीने ते कधी दिलं नाही.

सुट्या एलईडीत 0603 हे माप मला पुरेसं वाटतं: 1.6 बाय 0.8 मिलिमीटर. ते बहुतेक वेळा ऑनलाइन मागवावे लागतात. वायर केसासारखी बारीक, वर एनॅमलचा थर. टोकाचा थर जाळून किंवा खरवडून काढल्याशिवाय सोल्डरचा डाग बसत नाही. पंखा चालू असेल तर एलईडी टेबलावरून उडून जातो, म्हणून हे काम सकाळी ऊन चढायच्या आत उरकावं. प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर लागतो. 12 व्होल्टवर 1 किलोओहम लावला तर सुमारे 9 मिलिअँपिअर जातात आणि खोली हॅलोजन लावल्यासारखी दिसते. 10 किलोओहमवर प्रवाह 1 मिलिअँपिअरच्या आत राहतो. माझ्या डोळ्यांना तो उजेड घरातला वाटतो. शिवाय राउटरच्या जुन्या 12 व्होल्ट, 1 अँपिअरच्या अ‍ॅडॉप्टरवर अख्खी कॉलनी निघते.

तुमचा लेआउट जिनिंगची शेड, गोदाम, लोको शेड असाच असेल तर पट्टी खुशाल घ्या. एकाच मोठ्या जागेत सारखा उजेड तिथे शोभतो, आणि माझ्याही लोको शेडमध्ये तीच आहे. खोल्या असलेलं काहीही असेल, तर थोडी कटकट सोसून सुटे एलईडी घ्यावेत असं मी सुचवेन.

काहीही निवडलंत तरी भिंतींना आतून काळा कार्डशीट लावा, नाहीतर सनबोर्डमधून (प्लास्टिक फोमच्या शीटमधून) उजेड झिरपतो. आणि छत कायमचं चिकटवू नका. एखादा एलईडी गेला तर नुसतं उचलून बदलता आलं पाहिजे.