१९४९ ची कॅडिलॅक घेताना माझी झालेली फसवणूक, पैसे देण्याआधी वाचा

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका मित्राचा फोन आला, त्याला अमेरिकेतून एक जुनी कॅडिलॅक मागवायची आहे. तो ज्या उत्साहाने बोलत होता ना, अगदी तसाच मी दोन वर्षांपूर्वी बोलत होतो. त्याला तासभर सगळं सांगितलं, मग वाटलं एकट्यालाच का सांगायचं, म्हणून लिहून काढतोय. लांब आहे, पण या गाड्यांच्या नादात असाल तर पूर्ण वाचा.

मी मूळचा इचलकरंजीचा, मिशिगनमध्ये येऊन बावीस वर्षं झाली, काम टूलिंगचं, म्हणजे लोखंड कसं कापतात, घासतात, ठोकतात हे मला रोज दिसतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण मी अगदीच अनभिज्ञ होतो असं कुणी समजू नये. डेट्रॉइटला ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, वुडवर्ड ड्रीम क्रूझ, १९९५ पासून चालू आहे. मी दरवर्षी घडीची खुर्ची घेऊन जातो. तिथेच मी पहिल्यांदा १९४९ ची कॅडिलॅक सीरिज ६२ कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडणारी, बघितली आणि तेव्हापासून डोक्यात दुसरी गाडीच नव्हती.

हीच का, ते सांगतो. कॅडिलॅकला मागे ते छोटे पंख, फिन, पहिल्यांदा आले १९४८ ला, लढाईतल्या पी-३८ विमानाच्या शेपटीवरून सुचलेले. पण ४८ च्या गाडीत इंजिन जुनं होतं, ३४६ क्युबिक इंचाचं फ्लॅटहेड, म्हणजे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असलेलं. १९४९ ला नवं ओव्हरहेड व्हॉल्व्हचं, म्हणजे व्हॉल्व्ह वर असलेलं, ३३१ क्युबिक इंचाचं व्ही-एट आलं, १६० हॉर्सपॉवर, जुन्यापेक्षा हलकं आणि दमदार. आणि १९५० ला बॉडी बदलली. म्हणजे ती पहिली फिनवाली बॉडी आणि हे नवं इंजिन एकत्र फक्त त्या एका वर्षात मिळतं. कन्व्हर्टिबल त्या वर्षी ८,००० च बनल्या. डावा टेललाइट वर उचलला की त्याच्या खाली पेट्रोलचं झाकण, खिडक्या हायड्रॉलिकवर वर-खाली होणाऱ्या, आणि हे सगळं १९४९ साली! मला अजूनही ती गाडी तितकीच आवडते, फसवणूक गाडीने केली नाही.

तर जाहिरात दिसली. दुसऱ्या स्टेटमधला क्लासिक गाड्यांचा डीलर, गडद हिरवी कन्व्हर्टिबल, आतलं लेदर टॅन, "नंबर्स मॅचिंग" असं ठळक लिहिलेलं, म्हणजे इंजिनवरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळतो, इंजिन मूळचंच आहे. किंमत ६४,००० डॉलर, शेवटी ६१,५०० ला ठरली. डीलर फोनवर अतिशय चांगला बोलायचा. घाई करत नाहीये असं दाखवत घाई करायचा, "शनिवारी एक जण बघायला येतोय, पण मला वाटतं ही गाडी तुमच्याकडेच जावी" असं. मला एक जाड फाइल स्कॅन करून पाठवली, जुने फोटो, पेंटचं बिल, कुठल्यातरी शोमधलं सर्टिफिकेट. आता बघितलं तर लक्षात येतं की त्या अख्ख्या फाइलमध्ये गाडीचा नंबर लिहिलेला कागद फक्त एकच होता, टायटल. टायटल म्हणजे आपल्याकडच्या आरसी बुकसारखं, मालकीचा कागद.

दोन गोष्टी मला तेव्हाच दिसल्या होत्या. इंजिनवर चार बॅरलचा कार्ब्युरेटर होता, ४९ ला कंपनी दोन बॅरलचा द्यायची, चार बॅरल आला १९५२ ला. आणि गाडी १२ व्होल्टवर होती, ४९ ची गाडी ६ व्होल्टची, कॅडिलॅक १२ व्होल्टवर गेली १९५३ ला. मी दोन्ही विचारलं. तो म्हणाला, आधीच्या मालकाने चालवायला सोपं जावं म्हणून बदललंय, ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडा, ओरिजिनल आहे. आणि हे उत्तर खोटं वाटण्यासारखं नव्हतंच हो, खरंच शेकडो लोक हे बदल करतात, मीही केले असते. पण दोन्ही बदल एकाच दिशेला बोट दाखवत होते, की हे इंजिनच ५३ च्या किंवा नंतरच्या गाडीचं असू शकतं. ३३१ चं हे इंजिन १९५५ पर्यंत चाललं आणि वरवर बघणाऱ्याला फरक कळत नाही. एकेका गोष्टीला उत्तर मिळालं म्हणून मी दोन्ही एकत्र ठेवून विचारच केला नाही.

मी इन्स्पेक्शनही करून घेतलं. मला जाता येत नव्हतं, प्रोजेक्टची डेडलाइन होती, तर डीलरनेच तीन जणांची नावं दिली, "यातला कुणीही घ्या, माझा त्यांच्याशी संबंध नाही". मी एक निवडला, ४०० डॉलर दिले, त्याने भरपूर फोटोंचा रिपोर्ट पाठवला. त्यात एक ओळ होती, इंजिनवरचा नंबर टायटलशी जुळतो, हो. ती ओळ वाचून मी त्याच संध्याकाळी पैसे वायर केले.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण सगळी चोरी या एका ओळीत आहे.

आज गाड्यांना सतरा आकडी-अक्षरी व्हिन नंबर असतो, पण ती पद्धत १९८१ पासूनची. त्याआधी प्रत्येक कंपनीचं वेगळं. त्या काळच्या कॅडिलॅकमध्ये इंजिन नंबर हाच गाडीचा नंबर, टायटलवरही तोच लिहायचे आणि फ्रेमवरही (चासीवरही) तोच ठोकलेला असायचा. ४९ चा नंबर असेल तर सुरुवात ४९६२ ने, म्हणजे साल ४९ आणि सीरिज ६२, पुढे अनुक्रमांक. बस, इतकंच. गाडी सेडान आहे, कूपे आहे की कन्व्हर्टिबल हे त्या नंबरात कुठेच नाही. सीरिज ६२ मध्ये चार दारांची सेडान पण आली (कंपनीचा स्टाइल नंबर ६२६९), दोन दारांची क्लब कूपे पण (६२०७), कूप डी व्हिल पण (६२३७ एक्स) आणि कन्व्हर्टिबल पण (६२६७ एक्स). सेडान सगळ्यात जास्त खपली, म्हणून भंगारातही तीच जास्त गेली, आणि तिचे कागद मात्र कुणाच्या ना कुणाच्या ड्रॉवरमध्ये राहिले.

समजलं ना काय केलं असेल ते? कन्व्हर्टिबल एक, तिचे कागद नाहीत. भंगारात गेलेल्या सेडानचं टायटल एक. आणि तिसऱ्याच गाडीचं इंजिन. इंजिनवरचा मूळ नंबर ग्राइंडरने घासायचा, त्यावर सेडानचा नंबर ठोकायचा, फ्रेमवरचा घासून टाकायचा. झालं मॅचिंग. इन्स्पेक्टरने खोटं लिहिलंच नव्हतं, नंबर जुळतच होता, तो जुळवलेलाच होता.

मला हे कळलं आठ महिन्यांनी. तोपर्यंत गाडी मिशिगनला माझ्या नावावर झाली होती, सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात, म्हणजे इथल्या आरटीओत, कागद बघून टायटल दिलं, इन्शुरन्स झाला, मुलांना बसवून फिरवलीही. ऑगस्टमध्ये वुडवर्डला लावली होती तर एक म्हातारे गृहस्थ आले, ऐंशीच्या पुढचे, तरुणपणी इथल्याच क्लार्क स्ट्रीटच्या कॅडिलॅक कारखान्यात कामाला होते, तो कारखाना १९८७ ला बंद झाला. बॉनेट उघडंच होतं. त्यांनी खिशातला टॉर्च काढला, नंबर ठोकलेल्या जागेवर तिरका धरला, बराच वेळ बघत राहिले. मग मला एवढंच विचारलं, "बिल्ड शीट मागवलंय का?" मी म्हटलं नाही. ते म्हणाले, "मागवा."

आणि टॉर्च माझ्या हातात दिला. कारखान्यातल्या मशीनने त्या जागेवर बारीक समांतर रेघा पडलेल्या असतात, तशा तिथे नव्हत्या, गोल गोल ग्राइंडिंगच्या खुणा होत्या, आणि आकडे एका रेषेत नव्हते, दोन आकडे खोल आणि बाकी उथळ. मी रोज लोखंडावर काम करणारा माणूस, आणि आठ महिने ते बॉनेट शंभरदा उघडलं असेल. मी नंबर वाचत होतो, नंबर ज्या लोखंडावर आहे ते बघतच नव्हतो. त्या रात्री झोप लागली नाही.

बिल्ड शीट म्हणजे कारखान्यातून गाडी निघताना भरलेला कागद, कुठली बॉडी, कुठला रंग, काय काय बसवलं. जनरल मोटर्सच्या हेरिटेज सेंटरकडे जुन्या कॅडिलॅकचे हे कागद आहेत, नंबर देऊन मागवता येतात, खर्च फार नाही. माझ्या नंबरचा कागद आला त्यावर स्पष्ट होतं, स्टाइल ६२६९, चार दारांची सेडान. हा कागद मी पैसे देण्याआधी मागवला असता तर सगळं तिथेच संपलं असतं, ही गोष्ट मला अजून टोचते.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते नुसतं दमवणारं आहे. वकिलाने सांगितलं की माहीत असून गप्प बसलात आणि उद्या गाडी विकलीत तर गुन्हा तुमच्याही अंगावर येईल, म्हणून मी स्वतः जाऊन पोलिसांना सांगितलं. गाडी पाच महिने त्यांच्याकडे होती. फ्रेमवर जाड काळा पेंट होता, तो काढून त्यांनी ॲसिड लावून घासलेला नंबर वर आणायचा प्रयत्न केला, पहिले चार आणि शेवटचे दोन आकडे आले, मधले नाही. चोरीच्या रेकॉर्डमध्ये काही सापडलं नाही म्हणून गाडी परत मिळाली आणि स्टेटने एक नवा नंबर दिला, तो स्टिकर दाराच्या चौकटीवर आहे. ज्यांची चोरीची निघते त्यांची गाडीही जाते आणि पैसेही जातात, त्यामानाने मी सुटलो म्हणायचं. आता गाडीची किंमत ३० हजाराच्या आसपास सांगतात. डीलरच्या करारात "ॲज इज", म्हणजे आहे तशी घ्या, नंतर तक्रार नाही, असं लिहिलेलं होतंच, आणि त्याच्याही पलीकडे, टायटलवर त्या डीलरचं नावच कुठे नव्हतं! आधीच्या मालकाने सही करून घेणाऱ्याची जागा कोरी सोडलेली, तिथे सरळ माझं नाव घातलं. याला इथे टायटल जंपिंग म्हणतात आणि ते बेकायदेशीर आहे. मला वाटलं होतं तेवढाच कागदोपत्री त्रास कमी. नोटीस पाठवली तोवर त्याची कंपनी बंद झालेली. वकिलाचे ४,२०० डॉलर गेले ते वेगळेच.

बॉडीचं पण सांगून टाकतो. खालच्या पट्ट्यांमध्ये, दाराखाली, पुट्टी भरलेली होती, मॅग्नेट चिकटत नव्हता. खिडक्यांच्या हायड्रॉलिकमध्ये त्या काळी ब्रेक फ्लुइडच असायचं, ते गळून दारांच्या आतला पत्रा खाल्लेला, वर नवीन लेदर लावून झाकलेला. हे वाईटच, पण पत्रा बदलता येतो.

आता इंडियात मागवणाऱ्यांसाठी. बरीच वर्षं नियम असा होता की १ जानेवारी १९५० च्या आधी बनलेलीच गाडी लायसन्सशिवाय आणता यायची, त्यामुळे "१९४९" या आकड्याला आपल्याकडे वेगळीच किंमत आहे आणि हे इथल्या विकणाऱ्यांना पक्कं माहीत आहे. आज काय नियम आहे तो कस्टमवाल्याकडून लेखी घ्या. आणि २०२१ पासून व्हिंटेज गाड्यांना जे व्हीए सिरीजचं रजिस्ट्रेशन आहे त्यात गाडी पन्नास वर्षांच्या वरची आणि मूळ रूपातली लागते, बॉडी, चासी, इंजिन यात मोठे फेरफार नकोत. माझ्यासारखी गाडी बंदरावर उतरली आणि कुणी टॉर्च धरला तर काय होईल, विचार करा. इथून निदान मी पोलिसांकडे गाडीने जाऊ शकलो, तुम्ही मुंबईत बसून कुणाकडे जाणार?

त्या मित्राला मी सांगितलं, आधी नंबर माग आणि बिल्ड शीट स्वतः मागव, डीलरने पाठवलेली झेरॉक्स नको. इंजिनवरच्या नंबरचा आणि फ्रेमवरच्या नंबरचा फोटो माग, पेंट काढून, उजेड तिरका धरून. फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्यावरच्या, बॉडीच्या प्लेटचा फोटो माग, कन्व्हर्टिबल असेल तर त्यावर ४९-६२६७ एक्स असलं पाहिजे, आणि प्लेटचे रिव्हेट बघ, नवे चकचकीत आहेत का. टायटलवर विकणाऱ्याचंच नाव हवं. जॉर्जियासारख्या काही स्टेट्समध्ये इतक्या जुन्या गाडीला टायटलच देत नाहीत, फक्त बिल ऑफ सेल (विक्रीचा कागद) आणि रजिस्ट्रेशन, तर तिथून आलेल्या गाडीला दुप्पट तपास. बघायला माणूस पाठवायचा तो कॅडिलॅकच्या क्लबमधला, विकणाऱ्याने सुचवलेला अजिबात नाही. आणि यातल्या एकाही गोष्टीला "कशाला हवंय" असं उत्तर आलं की तिथेच थांब.

त्याने मला तो बघत होता त्या गाडीची लिंक पाठवली. १९४८ ची, काळी, डीलरचं नाव वेगळं, गाव वेगळं. पण मागे तीच विटांची भिंत आणि तोच हिरवा दरवाजा, दरवाज्यावरच्या तीन दिव्यांतला मधला गेलेला, माझ्या गाडीच्या फोटोत होता तसाच. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून त्याला पाठवले आणि मग माझी केस ज्या ऑफिसरकडे होती त्यांना पण. त्यांचं उत्तर आलंय, गाडीचा नंबर मागितलाय. मित्र उद्या डीलरला फोन करून तो मागणार आहे.