भिंतीवर गावरस्ता हवाय : रेम्ब्रांटची प्रत घ्यावी की आजच्या चित्रकाराचं एचिंग?

सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याचं 1650 मधलं ‘रस्त्याकडेची तीन घरं’ हे एचिंग (आम्लानं कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून कागदावर छापलेलं चित्र) जेमतेम 16 बाय 20 सेंटीमीटरचं आहे. शाकारलेली छपरं, एक झाड, बाजूनं लांब जाणारा रस्ता. घडत काहीच नाही. पण जवळ जाऊन बघा. घरांच्या रेघा आम्लानं तांब्याच्या पत्र्यात खोदलेल्या, म्हणून स्वच्छ. झाडाच्या पानोळ्यात मात्र सुई थेट तांब्यावर चालवलीय. अशा रेघेच्या कडेला धातूची बारीक कीस उभी राहते, तिच्यात शाई अडकते आणि काळा रंग मखमली उतरतो. छापखान्याच्या दाबाखाली ही कीस लवकर चेपते. त्यामुळे एकाच पत्र्यावरच्या सुरुवातीच्या आणि नंतरच्या छापांत सावलीची खोली बदलते.

रेम्ब्रांटच्या हयातीतली छाप आपल्या खिशाबाहेरची, तेव्हा ती सोडून देऊ. उरतात तीन वाटा.

सगळ्यात स्वस्त म्हणजे डिजिटल प्रिंट. ॲम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम आपल्या संग्रहातल्या जुन्या चित्रांच्या मोठ्या फायली फुकट उतरवू देतं. चांगल्या सुती कागदावर छापून घ्या, पण मूळ मापातच. सोफ्यामागची भिंत भरायची म्हणून तीन फुटांचं केलंत, तर नाजूक रेघांची दोरखंडं होतात. भिंगाखाली शाईचे ठिपके दिसणारच. लांबून बघणाऱ्याला त्याचं काही नाही.

दुसरी वाट एकोणिसाव्या शतकातल्या प्रतिकृतींची. पॅरिसच्या अमां-द्युराँ या मुद्राचित्रकारानं फोटोच्या मदतीनं नवे तांब्याचे पत्रे करून रेम्ब्रांटची एचिंगं पुन्हा छापली. इथे फसायला होतं, कारण पत्र्याचा दाबलेला ठसा आणि कागदावर किंचित उठलेली शाई या दोन्ही खुणा त्यांतही असतात. कागदामागे त्याचा लाल शिक्का आहे का पाहा, असला तर ती प्रतिकृती. प्रतिकृती म्हणून, प्रतिकृतीच्या दामात मिळाली तर जरूर घ्या. ‘मूळ’ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ उठा.

माझं मत तिसऱ्या वाटेला : आजच्या भारतीय मुद्राचित्रकाराचं, हातानं छापलेलं एचिंग. बडोदा किंवा शांतिनिकेतनात शिकलेल्यांची प्रदर्शनं लागतात, तिथे चित्रकारालाच विचारता येतं की पत्रा आम्लात किती वेळा घातला. लांबच्या झाडांच्या रेघा फिक्या आणि जवळच्या कुंपणाच्या ठसठशीत असतील, तर बहुधा टप्प्याटप्प्यानं आम्ल दिलेलं असतं. पेन्सिलीनं लिहिलेलं 5/25 म्हणजे पंचवीस छापांतली पाचवी. (रेम्ब्रांटच्या काळी ही रीत नव्हती, जुन्या छापेवर असा आकडा नसला म्हणून ती खोटी ठरत नाही.) विषय गावरस्ताच हवा असेल, तर रस्त्याचा कागद किती कोरा ठेवलाय ते बघा. प्रत्येक खडा काढणाऱ्याचा रस्ता मला तरी चालण्यासारखा वाटत नाही.

काहीही घेतलंत तरी फ्रेमवाल्याला आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) सांगा आणि काच कागदाला टेकू देऊ नका. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर बाहेरच्या ओलीच्या भिंतीवर मुळीच नको. एका पावसाळ्यात कागदावर तांबूस डाग उठू शकतात.