पहिली गोळी कुठे जाते? लाकडी कुंद्याची शिकारी .२२, अकरा महिन्यांनंतर

रायफलचे आकडे पुन्हा लिहीत नाही. बोल्ट ॲक्शन (दर गोळीला खिट्टी हाताने ओढायची), .२२ एलआर (लहान काडतूस), बारीक नळी, लाकडी कुंदा (नळी ज्यावर बसते तो दस्ता). ज्याला घ्यायची आहे त्याने ते केव्हाच पाठ केलेले असतात. युरोपात ही ससे मारायला बनवतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला, त्यामुळे माझी रायफल पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर कागदी निशाण्याशिवाय कशावरही चाललेली नाही. लिहायला बसलो तो फक्त पहिल्या गोळीसाठी. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दुकानातून सर्व्हिसिंग होऊन आली आणि त्या दिवशीची पहिली गोळी थेट सातच्या वर्तुळात गेली (सगळ्यात मधलं दहाचं). राग अजून उतरलेला नाही.

फेब्रुवारीत जुनी म्हणून घेतली. पन्नास मीटरवर सुरुवातीपासून एकच चाल: पहिली गोळी खाली-डावीकडे आठात, दुसरी नवात, चौथ्या-पाचव्यापासून दहाच्या आसपास गठ्ठा. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. तिथे पहिली गोळी दोन सेंटिमीटर सुटते म्हणजे लहान गोष्ट नाही.

रेंजवर कुणालाच याचं काही वाटेना. "साइटर मारून घे आधी," एवढंच. साइटर म्हणजे न मोजल्या जाणाऱ्या सरावाच्या गोळ्या. मॅचमध्ये ते बरोबर आहे. स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ घेतलं ते याच बोअरवर (नळीच्या व्यासावर), याच अंतरावर, पण तिथे मोजायच्या गोळ्यांआधी साइटर मिळतात. माझं म्हणणं वेगळं आहे. ही रायफल मुळात अशा माणसासाठी बनली आहे ज्याला साइटर मिळत नाहीत. जिम कॉर्बेटने १९२६ च्या मे महिन्यात रुद्रप्रयागचा बिबट्या मारला तो आंब्याच्या झाडावर रात्री बसून, एका गोळीत. शिकारीच्या हत्याराची पहिलीच गोळी भरवशाची नसेल तर बाकीच्या गठ्ठ्याला मी काय करू?

आणि पैशाचंही आहेच. आठवड्याला चार दिवस, दर दिवशी तीन गोळ्या नळीला जागं करण्यात गेल्या, तर महिन्याला पन्नासचा जवळजवळ अख्खा डबा गेला. गोळ्या महाग, लायसन्सवर मोजून मिळतात. मला ते झोंबतं.

म्हणून एप्रिलपासून एक वेगळं कार्ड ठेवलं. रोज त्यावर फक्त दिवसाची पहिली गोळी मारायची, छिद्राशेजारी पेन्सिलने तारीख लिहायची आणि कार्ड काढून पिशवीत ठेवायचं. एका दिवसाची एक गोळी काहीच सांगत नाही, वारा असेल, श्वास चुकला असेल. पण चौदा दिवसांची चौदा छिद्रं एकाच कागदावर दिसली तेव्हा अकरा खाली-डावीकडे दाटलेली होती. इतकी एका बाजूला चुकते ती गोळी बेभरवशाची नसते. तिला कारण असतं.

मी कारण धरलं थंड नळी, म्हणजे नळी तापेपर्यंत गोळी जागा सोडते. तसं दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, "सगळ्यांचीच सरकते हो, बारीक नळी आहे." तरी नळी तपासायला ठेवून घेतली, तीन आठवडे अडकवली, पैसे घेतले, आणि परत दिली ती आतून घासून, तेल पाजून. काय तपासलं ते ना पावतीवर, ना तोंडी. आणि पहिली गोळी आठातून सातात.

इथे मला माझं मत बदलावं लागलं. .२२ ची नळी वीस गोळ्यांनंतरही जेमतेम कोमट होते, हात ठेवून बघा. मोठ्या बोअरच्या रायफलची गोष्ट वेगळी, तिथे बारीक नळी तापून खरंच सरकते. .२२ च्या शिशाच्या गोळीवर मेणाचं, ग्रीसचं अस्तर असतं. त्याचा पातळ थर नळीत बसतो, आणि पुढची प्रत्येक गोळी त्या थरावरून जाते. तो थर घासून काढला आणि वर तेल ठेवलं, की पहिल्या काही गोळ्या वेगळ्याच नळीतून गेल्यासारख्या जातात. मी स्वतः रोज घरी येऊन हौसेने नळी साफ करत होतो, तेलाची चिंधी फिरवून ठेवत होतो. थंडीचा दोष नव्हताच, तेलाचा होता. फेब्रुवारीपासून मी चुकीच्या गोष्टीसाठी भांडत होतो. तरी दुकानाला सूट नाही. नळीचा धंदा करणाऱ्याला हे माहीत हवं.

साफसफाई थांबवली. छिद्रं वर सरकली, पण डावीकडचा ओढा राहिला, आणि जुन्या कार्डांवरच्या तारखा पाहिल्या तर तो जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त. रेंजवरच्या एका काकांनी रायफल हातात घेतली आणि म्हणाले, "दहाची नोट आहे का? कोरी दे." नळी आणि कुंद्याच्या मधल्या फटीत नोट घालून ती मागे सरकवत नेली. डावीकडून नोट सरळ गेली. उजवीकडे पुढच्या टोकापासून चार बोटांवर अडकली आणि तिथेच चुरगळली. तिथलं लाकूड पावसाळ्यात फुगलं होतं आणि नळीला डावीकडे ढकलत होतं. आमच्या घराची पश्चिमेची भिंत जूनपासून ओली असते आणि रायफलचं कपाट त्याच भिंतीला. काकांच्या देखत काचकागद पेन्सिलीला गुंडाळून तेवढाच भाग घासला, नोट दोन्हीकडून मोकळी जाईपर्यंत, आणि उघड्या लाकडावर पातळ वॉर्निशचे दोन हात दिले. कपाट आतल्या भिंतीला हलवलं. खर्च साठ रुपये.

डिसेंबरच्या कार्डावर सोळा छिद्रं आहेत. तेरा नवाच्या आत, त्यातली पाच दहाला. उरलेली तीन कुठेही गेली आहेत, त्यांना दिशा नाही, ती माझी. त्यावर सध्या उपाय असा: पहिल्या गोळीआधी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागात) वापरलेलं रिकामं काडतूस घालून चार वेळा ट्रिगर ओढतो. पूर्ण रिकाम्या चेंबरवर ओढू नका, बऱ्याच .२२ मध्ये काडतुसावर आपटणारी पिन चेंबरच्या काठावर आपटून खूण पडते.

बाकी रायफलबद्दल थोडक्यात. ट्रिगर छान, मॅगझिन घट्ट, बोल्ट गुळगुळीत. विकणार नाही. नळी आता दर पाचशे गोळ्यांनी, तीही कोरड्या चिंधीने, आणि रोज फक्त चेंबर आणि बोल्टचं तोंड पुसतो. पावसाळ्यात मात्र महिन्यातून दोनदा नोट फिरवणार. ती चुरगळलेली नोट रायफलच्या पिशवीतच ठेवली आहे.