जुनं रंधा मशीन: व्हाइट मेटलचं घ्यावं की बॉल बेअरिंगचं?

भंगाराच्या भावात बिडाचं जुनं रंधा मशीन दिसलं की हात शिवशिवतात. गंजाला घाबरू नका. रॉकेल, तारेचा ब्रश आणि दोन रविवार एवढ्यावर तो निघतो. खरी मेख टेबलाखाली असते. शाफ्ट कशावर फिरतो, व्हाइट मेटलच्या अस्तरावर की बॉल बेअरिंगवर, ते आधी बघा.

व्हाइट मेटल म्हणजे मुख्यतः कथील, त्यात अँटिमनी आणि तांबं. आयझॅक बॅबिटनं १८३९ मध्ये अशा अस्तराच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. धातू मऊ, त्यामुळे झीज सोसायची ती तोच सोसतो, शाफ्ट वाचतो. झिजला की वितळवून पुन्हा ओता. पार्ट मिळत नाही हे रडगाणं इथे नाही. पण ओतणं सोपं नव्हे. शाफ्टला काजळी धरायची, हाउसिंग (बेअरिंगचं घर) गरम करायचं आणि एका दमात ओतायचं. मध्ये थांबलात तर सांधा राहतो. ओलाव्याचा थेंब जरी असला तरी वितळलेला धातू अंगावर उडतो. काही मिश्रणांत शिसंही असतं, म्हणून काम मोकळ्या हवेत. त्यानंतर खरवडून बसवणी. जुनी ऑइल इंजिनं दुरुस्त करणारा मिस्त्री ओळखीचा नसेल तर या वाटेला जाऊ नका. शिवाय रोज तेल घालायचं, आणि पुली बदलून वेग वाढवायचा मोह टाळायचा.

बॉल बेअरिंगचं काम एका दुपारचं. पुलर (बेअरिंग ओढून काढायचं अवजार) लावा, बेअरिंगवरचा नंबर वाचा, दुकान गाठा. ६२०६ असेल तर शेवटच्या ०६ ला ५ नं गुणा: आतलं भोक ३० मिमी. फक्त जुन्या ब्रिटिश मशीनात इंची मापं निघू शकतात. ती बेअरिंगं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतीलच असं नाही.

तरी माझा निकाल बेअरिंगवर ठरत नाही, कटर ब्लॉकवर, म्हणजे पाती धरणाऱ्या फिरत्या ठोकळ्यावर ठरतो. चौकोनी ब्लॉक आणि टेबल यांच्यात मोठी फट राहते आणि बोट त्यात ओढलं जातं. गोल ब्लॉकमध्ये ती फट अरुंद असते. हातानं लाकूड सरकवायच्या रंध्याला गोल ब्लॉकच हवा, असं महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ सुद्धा सांगतात. व्हाइट मेटलवाली मशीनं बहुधा जास्त जुनी, म्हणून चौकोनी ब्लॉक त्यांच्यातच जास्त सापडतो. नवा गोल ब्लॉक बॅलन्स करून बसवायचा खर्च किमतीत धरा. मग स्वस्त मशीन तितकंसं स्वस्त राहत नाही.

पहिलंच मशीन असेल तर थोडे जास्त पैसे मोजून बॉल बेअरिंगचंच घ्या. मिस्त्री हाताशी आहे, घाई नाही आणि ब्लॉक गोल आहे, तर व्हाइट मेटलचं मशीन खुशाल उचला. त्याचा शांत आवाज मला तरी जास्त आवडतो.

टेबलाच्या बिडाला तडा असेल तर दोन्ही सोडा. साध्या वेल्डिंगनं तो बहुतेक वेळा शेजारीच पुन्हा उलतो.