मेंदूतलं सेरोटोनिन मोजून देतो म्हणाले आणि मी फसलो

हे लिहायला सहा महिने लागले, कारण फसलो हे सांगायचीच लाज वाटत होती. पण मागच्या आठवड्यात ऑफिसमधल्या एकाने मोबाईलवर मेंदूच्या टेस्टचा तसलाच रंगीत रिपोर्ट दाखवला आणि म्हणाला, सापडला रे एकदाचा प्रॉब्लेम. त्याला केवढं हायसं वाटत होतं ते त्याच्या आवाजातच कळत होतं, मलाही तेव्हा अगदी तसंच वाटलेलं, म्हणून आता लिहितोच.

मला डिप्रेशन आहे, तीन वर्षं झाली. गोळीने फरक पडला होता, रडू येणं थांबलं, कामावर जायला लागलो, पण सकाळी अंथरुणातून उठायलाच तासभर जायचा आणि कशातच मन लागायचं नाही. डॉक्टर म्हणत होते गोळी बदलून बघू, मीच टाळत होतो. अशा अर्धवट बऱ्या झालेल्या माणसालाच हे टेस्ट आणि कॅप्सूल विकणारे लोक गाठतात. अमेरिकेत स्टार-डी नावाचा मोठा अभ्यास झाला, 2006 साली त्याचे निकाल आले, त्यात पहिल्या गोळीने लक्षणं पूर्ण गेली असे साधारण एक तृतीयांशच पेशंट होते, बाकीच्यांना पुढचं काही ना काही करून बघावं लागलं. हे मला आधी कळलं असतं तर माझ्याच बाबतीत सगळं चुकलंय असं वाटलं नसतं.

मेंदूतलं सेरोटोनिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन, मोजून देतो अशी जाहिरात बघून फोन केला. समोरच्या मॅडम फार आपुलकीने बोलल्या, माझ्या घरच्यांनीही कधी इतक्या वेळ शांतपणे ऐकून घेतलं नव्हतं. मग म्हणाल्या, "सर, 2022 चं संशोधन वाचलंत का? सेरोटोनिन कमी पडल्यामुळे डिप्रेशन येतं याला पुरावाच नाहीये. मग तुम्ही तीन वर्षं ह्या गोळ्या कशासाठी खाताय?" मी शोधलं तर खरंच तसा पेपर होता, लंडनच्या जोआना मॉनक्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, मॉलिक्युलर सायकायट्री नावाच्या जर्नलमध्ये. एक गोष्ट खरी निघाली म्हटल्यावर पुढचं सगळं मी खरंच धरून चाललो.

आणि पुढच्याच भेटीत त्यांनी माझी लघवीची टेस्ट केली आणि सांगितलं की तुमच्या मेंदूतलं सेरोटोनिन खूप कमी आहे!! म्हणजे आधी म्हणायचं सेरोटोनिनची थिअरी खोटी, आणि मग तेच सेरोटोनिन वाढवायच्या कॅप्सूल विकायच्या. हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. त्या दिवसांत डोकं चालतच नव्हतं माझं, आणि आपण नेमके अशाच अवस्थेत त्यांच्यापुढे जाऊन बसतो.

नंतर माझ्या सायकायट्रिस्टनी समजावलं ते जमेल तसं सांगतो. शरीरातलं 90 टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात तयार होतं आणि ते रक्तातून मेंदूत जात नाही, त्यामुळे लघवीतला किंवा रक्तातला आकडा बघून मेंदूत काय चाललंय ते कळूच शकत नाही. डिप्रेशन ओळखायची अशी टेस्ट आजच्या घडीला कुठेच नाही. थायरॉइड, बी12 वगैरे डॉक्टर बघतात ते दुसरं काही कारण नाही ना हे तपासायला. आणि 2022 च्या त्या पेपरमध्ये प्रश्न होता कारणाचा, गोळ्या चालतात की नाही हा नव्हता. गोळ्यांचं बघायचं तर 2018 मध्ये लॅन्सेट नावाच्या जर्नलमध्ये 522 ट्रायल्स आणि 1,16,477 पेशंट एकत्र धरून केलेला अभ्यास आला, त्यात 21 च्या 21 औषधं नुसत्या प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस ठरली, सरासरी फरक फार मोठा नव्हता पण होता. गोळीने सेरोटोनिन काही तासांतच वाढतं आणि बरं वाटायला मात्र आठवडे लागतात, म्हणजे नुसती टाकी भरायची असं हे गणित नाहीये, मधल्या काळात मेंदूच्या पेशींमधली जोडणी हळूहळू बदलत असावी असा आताचा अंदाज आहे. केटामाईन नावाचं औषध तर ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्याच रसायनाच्या यंत्रणेवर काम करतं आणि काही तासांत फरक दिसू शकतो. त्याच जातीतल्या एस्केटामाईनच्या नाकातल्या स्प्रेला अमेरिकेत 2019 मध्ये मंजुरी मिळाली, पण तोसुद्धा दवाखान्यातच घ्यायचा आणि नंतर निदान दोन तास तिथेच नजरेखाली बसायचं, घरी पाकीट पाठवून देतो असला प्रकार नाही.

लघवीच्या टेस्टनंतर डोक्याला वायरची टोपी लावून वीस मिनिटांत मेंदूचा नकाशा काढला. लाल, निळा, हिरवा. म्हणे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने डिप्रेशनचे सहा प्रकार शोधलेत, तुमचा चौथा. आता हे संशोधनही खरं आहे, 2024 मध्ये आलं, पण ते एमआरआयच्या मशीनमध्ये 800 च्या आसपास लोकांचे मेंदू स्कॅन करून, गटागटांची तुलना करून काढलेलं आहे. टोपी घालून माझा नंबर सांगायची सोय त्यात नाही. खरं नाव, खरं साल आणि त्याला चिकटवलेली खोटी टेस्ट, माझ्या बाबतीत प्रत्येक वेळी हेच केलं त्यांनी.

पॅकेज तीन महिन्यांचं, पैसे सगळे आधी. कॅप्सूल सुरू करा आणि आठवड्याने जुनी गोळी एकदम बंद करा म्हणाले. त्या आठवड्यात दोन्ही चालू असताना हात थरथरायचे, घाम फुटायचा, छातीत धडधड. "शरीर शुद्ध होतंय सर, चांगलं लक्षण आहे." मग गोळी बंद केल्यावर चक्कर, मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं, झोप गेली, आणि तिसऱ्या आठवड्यात मला जगायचं नाही असे विचार यायला लागले. मी कोणाला बोललो नाही. ताईला आवाजावरूनच काहीतरी कळलं, ती रात्रीच आली आणि सकाळी मला घेऊन डॉक्टरांकडे गेली. ती आली नसती तर काय झालं असतं ते मला लिहिता येत नाहीये.

अजून एक. पॅकेजमधली दुसरी टेस्ट त्याच तिसऱ्या आठवड्यात झाली होती, रिपोर्ट नंतर आला, त्यात लिहिलं होतं सेरोटोनिन नॉर्मल, उत्तम सुधारणा. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट आठवड्याचा रिपोर्ट आहे तो. पैसे परत मागितले तर म्हणाले तुम्ही कोर्स अर्धवट सोडलात.

डॉक्टर रागावतील म्हणून मी घाबरलो होतो. ते अजिबात रागावले नाहीत, आधी बाटलीवरचं लेबल वाचलं. त्यात 5-एचटीपी होतं, ज्याच्यापासून शरीर सेरोटोनिन बनवतं. माझ्या गोळीबरोबर ते घेतलं तर सेरोटोनिन सिंड्रोम, म्हणजे सेरोटोनिन अति वाढून होणारा त्रास, होऊ शकतो, तो जिवावरही बेततो, ती थरथर आणि घाम त्याचीच सुरुवात असू शकते म्हणाले. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती असते अशा कॅप्सूलमध्ये, तिचाही हाच धोका.

आता वेगळी गोळी चालू आहे, सोबत थेरपी. तुमच्यापैकी कोणी असं पॅकेज घेतलं असेल तर जुनी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, बंद केली असेल तर परत सुरू करायच्या आधी डॉक्टरांना आजच फोन करा, कितीही लाज वाटली तरी. मरणाचे विचार येत असतील तर आत्ता लगेच कोणाला तरी जवळ बोलवा. डॉक्टरांकडे जाताना ती कॅप्सूलची बाटली सोबत न्या. ऑफिसमधल्या त्या मित्राला मी हे सगळं सांगितलं, त्याची गोळी अजून बंद झालेली नाही, उद्या आम्ही दोघं त्याच्या डॉक्टरांकडे जातोय.